टिमिन्सच्या शाळेत ईए व्हावं का? चंद्रपूरच्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. चंद्रपूरच्या एका शिक्षिकेच्या यजमानांना कॅनडात, टिमिन्समधल्या सोन्याच्या खाणीत अभियंत्याची नोकरी मिळाली आहे. बाईंचं बी.एड. झालंय, खासगी शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग त्यांनी सांभाळलेत. तिकडे गेल्यावर सरकारी शाळेत ‘एज्युकेशनल असिस्टंट’, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळेत मदत करणारी सहायक, सगळे म्हणतात तसं ‘ईए’, होता येईल का, पगारात भागतं का, थंडीत निभतं का, आणि सासरचे म्हणतात तसं हे ‘शिकूनसवरून आयाचं काम’ आहे का, असं त्यांनी विचारलंय. टिमिन्स ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागात आहे. मी थंडर बेमध्ये, म्हणजे त्याच उत्तर ऑन्टारिओत, बरीच वर्षं हेच काम करते आहे.

आयाचा प्रश्न आधी उरकते. डायपर बदलावे लागतात. सगळ्या मुलांचे नाही, प्रत्येक शाळेत नाही, पण लागतात. भरवावं लागतं, लाळ पुसावी लागते, व्हीलचेअरमधल्या मुलाला दोघींनी मिळून पट्ट्याच्या यंत्रानं उचलावं लागतं. मूल बिथरलं की चावतं, ओरबाडतं. म्हणून काही शाळांत ईए हातांवर केव्हलारच्या, म्हणजे दात-नखं सहज न शिरणाऱ्या कापडाच्या, जाड बाह्या चढवून फिरताना दिसतील. हे वाचूनच अंगावर काटा आला असेल तर हे काम घेऊ नका, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्या मुलाचं डायपर तुम्ही सव्वानऊला बदललंत, त्याच मुलाला साडेनऊला टॅबलेटवरचं चित्र दाबून ‘मला अजून हवंय’ म्हणायला तुम्हीच शिकवत असता. ही दोन कामं वेगळ्या माणसांची आहेत असं तिथं कुणी मानत नाही. सासरच्यांना एवढंच सांगा.

आता उत्तरेबद्दल, कारण खरा मुद्दा तिथं आहे. उत्तर ऑन्टारिओचा विस्तार महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त आणि वस्ती आठ लाखांच्या आत, म्हणजे नागपूर शहराच्या एक तृतीयांश. टिमिन्सहून टोरांटो गाडीनं सुमारे सातशे किलोमीटर, थंडर बेहून चौदाशे. या अंतराचा परिणाम थेट तुमच्या कामावर होतो. टोरांटोच्या उपनगरात मुलाला बोलता येत नसेल तर स्पीच थेरपिस्ट जवळपास कुठंतरी असते. इकडे ती एवढ्या मोठ्या मुलखात गावोगाव फिरत असते. काही आठवड्यांनी येते, मुलाला तासभर बघते, कागदावर कार्यक्रम लिहून देते आणि पुढच्या गावाला निघते. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं तेच. मानसशास्त्रज्ञाकडून पूर्ण चाचणी व्हायची तर प्रतीक्षा यादी लांबलचक. कधी कधी सगळं व्हिडिओवरच होतं. मग त्या कागदावरचा कार्यक्रम रोज, न कंटाळता, वर्षभर कोण राबवतं? ईए. म्हणून मी म्हणते की उत्तरेतला ईए हा करारपत्रात लिहिलाय त्यापेक्षा मोठा माणूस असतो, आणि पगार मात्र करारपत्राप्रमाणेच मिळतो. या एका वाक्यात या नोकरीचं आकर्षण आणि दुखणं दोन्ही आलं.

कागदोपत्री रचना अशी. वर्गाची जबाबदारी शिक्षिकेची. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेत एक स्पेशल एज्युकेशन शिक्षक असतात. ऑन्टारिओत १९८० च्या ‘बिल ८२’ नंतर प्रत्येक मुलाला, त्याची गरज कितीही मोठी असो, शिकवणं ही बोर्डांची, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांची, कायदेशीर जबाबदारी झाली, आणि मुलासाठी वैयक्तिक आराखडा म्हणजे आयईपी लिहिला जातो. तो लिहितात शिक्षक, सही करतात मुख्याध्यापक, राबवता तुम्ही. गुण देणं, धडा आखणं, घरी फोन करून प्रगती सांगणं ही तुमची कामं नाहीत. बी.एड. झालेल्या बायकांना इथंच जड जातं. फळ्यापाशी उभी शिक्षिका चुकीच्या पद्धतीनं वजाबाकी शिकवते आहे असं वाटतं, आणि गप्प बसायचं असतं. बालवाडीत आणखी एक गोंधळ होतो. तिथं शिक्षिकेसोबत ‘अर्ली चाइल्डहूड एज्युकेटर’ असते. तिची पात्रता वेगळी, नोंदणी वेगळी, काम वेगळं. आपल्याकडचे लोक या दोन्हींना एकच समजतात आणि चुकीच्या जागेसाठी अर्ज टाकतात.

‘एका मुलाला एक ईए’ हे चित्रही डोक्यातून काढा. तसं क्वचित असतं. बहुतेक ठिकाणी तुमच्या हातात वेळापत्रक देतात: पहिला तास दुसरीच्या वर्गात, मग मधल्या सुट्टीची देखरेख, मग पाचवीतल्या दोघांबरोबर वाचन, मग एकाचं जेवण. मुलं चार, गरजा चार तऱ्हांच्या.

कौशल्य कुठं लागतं ते एका उदाहरणानं सांगते. दुसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर आत आला की किंचाळायचा, बूट भिरकावायचा, एकदोनदा जवळच्या मुलीला लागलंही. सगळ्यांचा निष्कर्ष एकच: एका कामातून दुसऱ्या कामात जाणं त्याला जमत नाही. ऑटिझमच्या मुलांबद्दल हे इतक्यांदा खरं असतं की पुढं कुणी बघतच नाही. इकडे एबीसी नोंद ठेवायची पद्धत आहे: आधी काय झालं, मूल काय वागलं, नंतर काय झालं. आम्ही ती नोंद ठेवली आणि तारखेशेजारी सवयीनं तापमानही लिहीत गेलो. काही आठवड्यांनी कागद एकत्र पाहिले तर उणे वीसच्या दिवशी पोरगं शांत! गोंधळ फक्त शून्याच्या आसपासच्या दिवशी. उणे विसाला बर्फ कोरडा, रेतीसारखा झटकला जातो. शून्याजवळ तो ओला असतो, बुटात शिरतो, मोजे भिजतात. त्याला ओले मोजे सहन होत नव्हते आणि ते सांगायला शब्द नव्हते. दप्तरात मोज्यांचे जोड ठेवले, टॅबलेटवर ‘मोजे ओले’ हे बटण बसवलं. किंचाळणं एकदम थांबलं नाही, पण बरंच कमी झालं. थेरपिस्ट महिन्यातून एकदा येते, तिला हे दिसलं नसतं. रोज शेजारी बसणाऱ्यालाच दिसतं, तेही लिहून ठेवलं तर. ऑन्टारिओत २००७ पासून ऑटिझमच्या मुलांबाबत वर्तन-विश्लेषणाच्या पद्धती वापरणं बोर्डांना बंधनकारक आहे, त्यामुळे अशा नोंदींचं प्रशिक्षण तुम्हाला मिळेलच. मिळेपर्यंत साधी वही ठेवा.

थंडीबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय. माणसाला सवय होते. वेळ जातो तो कपड्यांत. चार वर्षांच्या मुलांचा वर्ग बाहेर काढायचा म्हणजे आधी स्नो पँट, मग बूट, मग जॅकेट, मग टोपी आणि गळपट्टा, सगळ्यात शेवटी हातमोजे. हातमोजे आधी चढवले तर चेन कोण ओढणार? हा क्रम भिंतीवर चित्रांनी लावलेला असतो, आणि विशेष गरजेच्या मुलासाठी हाच धडा असतो. बोटांनी चेन पकडणं, पायरीमागून पायरी लक्षात ठेवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं. मला विचाराल तर आयईपीतली निम्मी उद्दिष्टं त्या बाकावर साध्य होतात. आपल्याकडच्या बायका इथं हमखास एक करतात: पटकन जॅकेट घालून देतात, चेन लावून देतात, टोपी ओढतात. आपल्याला ती माया वाटते. मुख्याध्यापकांना ते मुलाचा धडा हिसकावून घेणं वाटतं, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. हात मागे बांधून उभं राहणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड कसब आहे.

आणखी एक उत्तरेकडची गंमत. हिवाळ्यात सकाळी रेडिओवर ‘बस रद्द, शाळा सुरू’ अशी घोषणा होते. रस्त्यावर बर्फाचा थर असो की गोठवणारा पाऊस, मुलांच्या बस बंद, पण कर्मचाऱ्यांनी यायचं. गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारं विजेचं यंत्र, बसवून घ्या आणि रात्री त्याची वायर प्लगला लावायला विसरू नका, नाहीतर इंजिन सुरूच होणार नाही. हे यजमानांना सांगा. खाणीतले सहकारी त्यांना पहिल्याच दिवशी हेच सांगतील.

इथं एका गोष्टीवर जास्त बोलायला हवं, कारण भारतातून येणाऱ्यांना ती कुणी सांगत नाही. तुमच्या वर्गात क्री, ओजिब्वे, ओजी-क्री अशा इथल्या मूळच्या आदिवासी समाजांची मुलं बरीच असतील. टिमिन्सचा सगळा परिसर या समाजांशी सरकारनं केलेल्या १९०५ च्या ‘ट्रीटी ९’ या कराराच्या प्रदेशात येतो. या मुलांच्या आजीआजोबांना लहानपणी घरातून उचलून निवासी शाळांत डांबलं होतं, भाषा बोलली म्हणून मारलं होतं. फोर्ट अल्बनीच्या सेंट अ‍ॅन्स शाळेत तर मुलांना विजेच्या खुर्चीत बसवल्याच्या साक्षी झाल्या आहेत. शेवटच्या निवासी शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल २०१५ मध्ये आला. म्हणजे ‘पालक शाळेत यायला टाळाटाळ करतात’ असं कुणी स्टाफरूममध्ये म्हणालं तर तुम्ही त्यात सूर मिळवू नका. शाळेच्या दारातून आत यायला त्या आजीला काय लागतं, याचा अंदाज आपल्याला नाही. थंडर बेचा इतिहासही जड आहे. दूरच्या, फक्त विमानानं पोचता येणाऱ्या वस्त्यांत पूर्ण हायस्कूल नसल्यानं तेरा-चौदा वर्षांची मुलं घर सोडून शहरात परक्यांकडे राहतात. २००० ते २०११ दरम्यान अशी सात मुलं इथं मरण पावली. त्या चौकशीत ज्यूरीनं २०१६ मध्ये १४५ शिफारसी केल्या. हायस्कूलमध्ये काम मिळालं तर तुमच्यासमोर बसलेला अबोल मुलगा कदाचित आईला नाताळातच भेटणार असेल.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघा, आपल्या सवयीपेक्षा बरीच जास्त. शांततेत घाईनं दुसरा प्रश्न घुसवू नका. मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या किंवा हंसांच्या शिकारीच्या दिवसांत मूल आठवडाभर गैरहजर राहिलं तर ते शाळा बुडवत नाही, आजोबांकडून शिकत असतं. परत आल्यावर विचारा, त्याच्याकडे सांगायला वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त असतं. कित्येक शाळा आता ‘जमिनीवरचं शिक्षण’, म्हणजे वर्गाबाहेर निसर्गात परंपरेनं शिकणं, म्हणून मुलांना गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला नेतात. व्हीलचेअर बर्फावर चालत नाही, मग स्लेजवर बसवून ओढायचं, आणि ओढायला ईएच. वर्षातला माझा सर्वांत आवडता दिवस.

आदिवासी मुलांना शाळेतल्या मदतीसाठी ‘जॉर्डन्स प्रिन्सिपल’खाली केंद्र सरकारचा पैसा मिळतो. मॅनिटोबातला जॉर्डन रिव्हर अँडरसन हा क्री मुलगा, त्याच्या घरच्या काळजीचा खर्च केंद्रानं करायचा की प्रांतानं या वादात, २००५ मध्ये पाच वर्षांचा असताना रुग्णालयातच वारला. त्याच्या नावावरून हे तत्त्व आलं. उत्तरेतल्या बऱ्याच ईएंच्या जागा या पैशावर उभ्या होत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नियम आवळले आणि प्रांतिक शाळांसाठीच्या अशा मागण्यांना कात्री लागली. तुमची जागा कोणत्या पैशातून आहे, हे नोकरी स्वीकारताना बिनधास्त विचारा.

पगाराकडे येते. २०२२ च्या संपावेळी क्युपी या कामगार संघटनेनं आपल्या शालेय कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक कमाई ३९,००० डॉलर सांगितली होती. तेव्हा सरकारनं राज्यघटनेतलं ‘नॉटविथस्टँडिंग’ कलम, म्हणजे काही मूलभूत हक्क बाजूला ठेवू देणारं कलम, वापरून संपावरच बंदी आणणारा कायदा केला. ४ नोव्हेंबरला पंचावन्न हजार कर्मचाऱ्यांचा संप तरीही झाला, आणि काही दिवसांतच सरकारला कायदा मागे घ्यावा लागला. शेवटी ठरलं ते दरवर्षी ताशी एक डॉलरची वाढ, ऑगस्ट २०२६ पर्यंत. दर बोर्डागणिक थोडा बदलतो. करारपत्र बोर्डाच्या संकेतस्थळावर असतं, शेवटची पानं वाचा. फक्त ताशी दराला वर्षाच्या तासांनी गुणू नका. दिवसाचे साडेसहा-सात तास, वर्षाचे दहा महिने. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच जण एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स घेतात किंवा उन्हाळी शिबिरांत काम करतात. जमेची बाजू म्हणजे कायम झाल्यावर ओमर्स पेन्शन, आजारपणाची रजा, दातांचा विमा. एकट्याच्या पगारावर घर ओढायचं तर ओढाताण होते. खाणीतला पगार सोबत असेल तर ठीक चालतं.

आणि दर वसंतात एक पत्र येतं: तुमची जागा पुढच्या वर्षी नाही. पहिल्या वेळी ते हातात पडलं की रडू येतं. बहुतेकदा ऑगस्टपर्यंत परत बोलावतात, कारण मुलांची संख्या तेव्हाच पक्की होते. सेवाज्येष्ठतेनं जागा मिळतात; जिची सेवा जास्त ती कमी सेवा झालेलीची जागा घेते. हे मला आजही क्रूर वाटतं, विशेषतः मुलांच्या दृष्टीनं: सप्टेंबरात त्यांच्या शेजारी अनोळखी बाई.

पात्रतेचं. ऑन्टारिओत बोर्डांना साधारणपणे कॉलेजची दोन वर्षांची पदविका हवी असते: एज्युकेशनल सपोर्ट, चाइल्ड अँड यूथ केअर, डेव्हलपमेंटल सर्व्हिसेस वर्कर. टिमिन्समध्ये नॉर्दर्न कॉलेज आहे. असे अभ्यासक्रम तिथं आणि सडबरी, नॉर्थ बे, थंडर बेच्या कॉलेजांत कुठं चालू आहेत ते पाहा. पण उत्तरेत माणसांची टंचाई आहे, म्हणून बी.एड. आणि वर्गाचा अनुभव असलेल्यांना कॅज्युअल यादीत, म्हणजे कुणी रजेवर असेल त्या दिवशी बोलावण्याच्या यादीत, घेतात. आधी बोर्डाला फोन करा, मगच फी भरा. टिमिन्समध्ये इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक आणि फ्रेंचची दोन अशी चारही बोर्डं आहेत आणि चारही सरकारी पैशावर चालतात. गावात फ्रेंच भरपूर बोललं जातं. शाळेत शिकलेलं थोडं जरी आठवत असेल तर लिहा. भारतात विशेष शिक्षणाची पदविका करून पुनर्वास परिषदेची नोंदणी घेतली असेल तर ती कागदपत्रं नक्की जोडा.

निघण्यापूर्वी एक काम अगदी न चुकता. ओपन वर्क परमिट, म्हणजे एकाच मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना, यासाठी अर्ज करताना इमिग्रेशनची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती नसेल तर परमिटवरच शाळेत आणि बालसंगोपनात काम करायला मनाई असल्याची अट छापून येते, आणि ती काढायला पुन्हा महिने जातात. किती तरी जणींचं पहिलं वर्ष यातच गेलेलं पाहिलंय. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून आणून ठेवा. इथं आल्यावर स्थानिक पोलिसांची ‘व्हल्नरेबल सेक्टर’ तपासणी, म्हणजे मुलांसारख्या दुबळ्या घटकांसोबत काम करणाऱ्यांची खास तपासणी, वेगळी होते. कायम वास्तव्याच्या दृष्टीनं बरी बातमी अशी की २०२५ मध्ये एक्सप्रेस एंट्री या केंद्राच्या निवडपद्धतीत शिक्षण क्षेत्रासाठी वेगळा गट आला आणि शिक्षक-सहायकांचा ४३१०० हा व्यवसाय-क्रमांक त्यात आहे.

शिक्षिकाच व्हायचं असेल तर शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्सकडे मूल्यमापनाचा अर्ज आल्या आल्या टाका. विद्यापीठातून थेट गुणपत्रिका पाठवून घेण्यातच वेळ जातो. दरम्यान ईएचं काम केलंत तर इथली वर्गभाषा, मुलांशी बोलायचा सूर आणि शिफारस करणारा मुख्याध्यापक, तिन्ही मिळतात. काही जणी मात्र नोंदणी हातात येऊनही ईएच राहिल्या. मीही त्यातली.

दोन सक्त सूचना. पहिली: मुलांचे फोटो नाहीत, नावं नाहीत, गोष्टी नाहीत, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरसुद्धा नाहीत. गाव लहान आहे. ज्या मुलानं सकाळी तुम्हाला चावा घेतला त्याची आई संध्याकाळी दुकानात शेजारच्या रांगेत असते. हसून हवापाण्याचं बोला, शाळेचं एक अक्षर नको, तिनं विचारलं तरी. दुसरी: मुलावर अत्याचार किंवा दुर्लक्ष होत असल्याचा रास्त संशय आला तर बालकल्याण संस्थेला कळवणं ही कायद्यानं तुमची स्वतःची जबाबदारी आहे. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितलं’ एवढ्यानं ती संपत नाही, फोन तुम्हीच करायचा. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं शिकवतात. इथं ती शिकवण बाजूला ठेवावी लागते. आणि मार लागला, चावा बसला, तर त्याच दिवशी घटनेचा फॉर्म भरा. ‘जाऊ दे, लहान आहे’ म्हणून न भरलेला फॉर्म पुढच्या वर्षी त्या मुलाची मदत कमी करायला कारण ठरतो; कागदावर गरजच दिसत नाही.

अर्ज ऑगस्टअखेर टाका, नाही जमलं तर ऑक्टोबरात. नोव्हेंबरपासून सर्दीतापाची साथ येते आणि कॅज्युअल यादीतल्यांना रोज पहाटे फोन सुरू होतात. रोज वेगळी शाळा, कुणाचीच ओळख नाही. आतले बूट वेगळे न्या. पोचल्यावर ऑफिसमध्येच तीन गोष्टी विचारून घ्या: कुणाला जीवघेणी अ‍ॅलर्जी आहे आणि इंजेक्शन कुठं ठेवलंय (‘सब्रिनाज लॉ’मुळे प्रत्येक शाळेत याची योजना लिहिलेली असतेच), कोणतं मूल पळून जातं, आणि कुणाला हात लावलेला चालत नाही. एवढं कळलं की वर्गात जा. बाकीचं मुलंच सांगतात.